रेडिओ बंद होता म्हणे

भाऊजी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

अंतराळवीर म्हणून तुमची निवड झाली. शेवटपर्यंत हे आणि ह्यांचे मित्र तुम्ही, असे दोघंच उरला होतात. हे गेले आणि जागा तुम्हाला मिळाली. एवढ्यावरून मी संशय धरला नसता. सरावाला तुमची दोघांची विमानं जोडीनं उडाली, ह्यांचं समुद्रात कोसळलं. चौकशीत तुम्ही सांगितलंत, "त्याचा रेडिओ आधीच बंद पडला होता. मला काहीच ऐकू आलं नाही."

काल तुम्ही आशीर्वाद घ्यायला आलात. सासूबाईंना रडू कोसळलं, तेव्हा त्यांचा हात धरून म्हणालात, "आई, शेवटी तो म्हणाला, 'महाराणीला जप.'"

मी दारातच थबकले. "रेडिओ बंद होता ना, भाऊजी?"

तुमचा चेहरा उतरला. "वहिनी, आईंना बरं वाटावं म्हणून बोललो. ते माझ्या मनचं होतं."

सासूबाईंना पटलं, मला नाही. चारचौघांत, तुमच्यासारख्या मित्रांसमोरही, हे त्यांना आईच म्हणायचे. महाराणी फक्त घरात, त्या रुसल्या की चिडवायला. तुम्हाला ते कुठून कळलं? म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत. ह्यांनी मदत मागितली असेल, तर तेही ऐकलंत. मग खोटं का बोललात?

आज मी चौकशी अधिकाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तक्रार केली तर तुम्ही तोंड कायमचं मिटून घ्याल, आणि ह्यांचा शेवटचा आवाज तुमच्याच कानात आहे. म्हणून हे पत्रही पाठवणार नाही. समोर बसवून विचारेन. फक्त, माझ्यासाठी काही म्हणाले का, हे विचारायचा धीर होत नाही.

तुमची,
वहिनी