एक चाक वर

१२ ऑगस्ट, मंगळवार

अक्षर वाईट येईल, येऊ दे.

जीप जॅकवरून उडाली! मी आत, स्टिअरिंगवर. निजामुद्दीन उस्ताद खाली, मागच्या चाकापाशी. रिठदच्या रामकिसनभाऊंची फोर-बाय-फोर, मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गोळ्यातून, घुंघुं आवाज. तो कुठल्या बेअरिंगचा हे ओळखायची उस्तादांची रीत ठरलेली — मागचं एकच चाक उचलायचं आणि गाडी गिअरात टाकायची. उचललेलं चाक हवेत फिरतं, जमिनीवरचं गप्प राहतं. उस्ताद लांब पेचकसाचं टोक डिफरन्शियलला टेकवतात, मूठ कानाला.

"टाक पयला," म्हणाले. टाकला. गाडी पुढे झेपावली, जॅक आडवा — आणि उस्तादांची किंकाळी!

१३ ऑगस्ट

घोट्याचा चुरा. ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या जिन्यात लतीफाचाचींनी, उस्तादांच्या बायकोनं, मला थांबवलं. "लिव्हर फोरमंदी राह्यला व्हता काय रे, हरीओम? खरं सांग मले." सगळ्यांचं तेच म्हणणं — पुढची चाकं जोडलेली राहिली, म्हणून गाडी चालली. मी लिव्हर टूवर केला होता, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. हात लावून पाहिला होता.

पाहिला होता ना?

१४ ऑगस्ट

गॅरेज बंदच ठेवलं.

१६ ऑगस्ट

गॅरेज उघडलं. मागच्या डिफरन्शियलचं झाकण काढलं आणि बघतच राहिलो. आतल्या गिअरांच्या बाजूला क्लचसारख्या पातळ प्लेटा. लिमिटेड स्लिप! आधीच्या कोण्या मालकाने बसवलेलं.

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक मोकळं झालं की तेच फिरत सुटतं. म्हणूनच काळ्या मातीत गाडी जागच्या जागी भिरभिरते. यात प्लेटा दोन्ही चाकांना धरून ठेवतात, जमिनीवरच्यालाही जोर मिळतो. मग एक चाक वर असलं तरी गाडी चालणारच. लिव्हर टूवर असला तरी चालणार!

खाली फरशीवर बसलो आणि रडलो.

१७ ऑगस्ट

उस्तादांना सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाले, "कोनाले बोलू नको. जिल्हाभर माह्या हातचे पोट्टे हायेत. सगळ्याईले मी हेच शिकोलं. लोकाईले लिव्हरच सांग, बेटा."

"हो" म्हणालो. त्यांच्यापुढे दुसरं काही तोंडातून निघतच नाही. म्हणजे आता मी कायमचा तोच — उस्तादांचा पाय मोडणारा. कोणता गॅरेजवाला मला गाडीजवळ उभं करील?

१८ ऑगस्ट

झाकण लावून, तेल भरून ठेवलं होतं. आवाज तसाच असलेली जीप रामकिसनभाऊ घेऊन गेले. "तुह्या हातात तं मी सायकलबी देनार नाही!"

१९ ऑगस्ट, सकाळ

आत्ता कळलं — जीप कारंज्याला बाबूलालकडे गेली आहे. बाबूलाल उस्तादांचाच चेला! तोही एकच चाक उचलणार! फोन सारखा बिझी. उस्तादांना दिलेला शब्द गेला खड्ड्यात. मिळेल ती एसटी पकडतो.

१९ ऑगस्ट, दुपार

बाबूलाल दारातच हसला. "धावत-पयत काहून आला बे? मांगची दोन्ही चाकं वर हायेत, पाह्य. उस्तादचा फोन आलता. रडून राह्यले व्हते. म्हने, लिव्हर टूवरच व्हता, चूक माही हाय. एकेका चेल्याले फोन लावून हेच सांगून राह्यले."