पडद्यातून काहीच बाहेर आलं नाही

१ मार्च २०१३, शुक्रवार. सकाळी ७

औरंगाबादच्या तिकीट काढून फसणाऱ्या बंधु-भगिनींनो, तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. आपल्याला जुनंच पुन्हा विकलं जातं आणि आपण रांग लावतो.

(भाषणाची सुरुवात चांगली झाली. भाषण कुठं करायचं ते नंतर ठरवू.)

निमित्त पेपरातल्या जाहिरातीचं. १९८४ साली माझ्या मुलाला, शंतनूला, मांडीवर बसवून जो देवमाशाचा कार्टून पिक्चर दाखवला, तोच जालना रोडच्या मल्टिप्लेक्सला पुन्हा लागतोय. आता म्हणे थ्रीडीत. जुन्याच चित्रांना कॉम्प्युटरवर खोली द्यायची आणि चष्म्याचे वेगळे पैसे घ्यायचे. शंतनूची मुलगी वैदेही नऊ वर्षांची आहे, तिला जायचंच आहे. मी तत्त्वतः विरोधात. पण शत्रू पाहिल्याशिवाय त्याच्यावर बोलू नये. रविवारची तिकिटं काढली.

नळ आज येणार होता. आला नाही.

३ मार्च, रविवार

पाहिला. शंका खरी ठरली. पडद्यातून काहीही बाहेर आलं नाही. देवमासा १९८४ साली जिथं होता तिथंच आहे. चष्म्यानं फक्त अंधार वाढला.

नवल प्रेक्षकांचं. देवमाशानं शेपटी आपटली की अख्खं थिएटर खाली वाकायचं. चार दिवस नळाला पाणी नाही, अशी माणसं पडद्यावरच्या पाण्याला अंग चोरतात. वैदेहीनं तर ओंजळ पुढं करून थेंब झेलले. तिला विचारलं, काय दिसलं? म्हणाली, आजोबा, समुद्र तुमच्या नाकापर्यंत आला होता. जाहिरात लहान मुलांच्या डोक्यात किती खोल जाते ते पाहा. भाषणात घेणे.

उतरताना पायरी चुकली. मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या सदोष आहेत. तक्रारीत घेणे.

५ मार्च, मंगळवार

संकल्प. पंधरा दिवसांत थ्रीडीचा पर्दाफाश. रोज सकाळी आवाजाचा रियाज. अंबिकेशी वाद नाही.

शेवटचा साडेसातलाच मोडला. चहा ओतताना धार कपाच्या शेजारी गेली. हल्लीच्या कपांची तोंडंच अरुंद. अंबिका म्हणाली, अहो, हे कप तुमच्या बहिणीनं आपल्या लग्नात दिलेले आहेत. आधी डोळे दाखवून या. मी म्हणालो, तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, घरभर पुस्तकं आहेत, ती काय कानांनी वाचली? ती म्हणाली, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला? प्रश्न विषयाला सोडून होता.

रियाज झाला नाही. घसा कोरडा. दुष्काळ.

७ मार्च, गुरुवार

वैदेहीला स्कूटरवर शाळेत सोडणं, हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास. चिकलठाण्यापासून शाळेपर्यंत मी तिला इतिहास सांगतो. ती ऐकत नाही. मागच्या सीटवरून सारखी मध्ये बोलते. आजोबा, डावीकडं रिक्षा. आजोबा, डावीकडं म्हैस. दिवाळीपासून हे खूळ लागलंय. मी म्हटलं, गप्प बस, तू काय कंडक्टर आहेस? म्हणाली, हो.

आज पाण्याचा टँकर डावीकडून अचानक उगवला. वैदेही किंचाळली. मी ब्रेक दाबला. टँकरचं पाणी हिंदकळून दोघांच्या अंगावर. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, काका, एवढा मोठा टँकर दिसला नाय व्हय? शहर वाढलं की उद्धटपणा वाढतो. पूर्वी टँकर नव्हते आणि उद्धटपणाही नव्हता.

वैदेहीनं घरी सांगितलं नाही. पण ओला युनिफॉर्म बोलला. अंबिकेनं अट घातली, डोळे दाखवा, नाहीतर स्कूटरची चावी माझ्याकडं द्या. होळीनंतर बघू म्हटलं. आंदोलन तोंडावर असताना दवाखाने परवडत नाहीत.

१० मार्च, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघात भाषण. विषय ‘दुष्काळ आणि आपण’ असा होता. मी तो तीन वाक्यांत थ्रीडीवर आणला. सभा भारावली होती. तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधले साहेबराव उठले. करमाडला त्यांची जमीन आहे, मुलं इथं नोकरीला. म्हणाले, सर, म्या बी पाह्यला नातवासंगं. लई भारी हाय. पानी डायरेक अंगावर येतं. ह्या साली अंगावर आलेलं पानी तेवढंच.

लोक हसले. मी म्हणालो, भ्रमाला बहुमत मिळालं म्हणून तो सत्य होत नाही. साहेबराव म्हणाले, म्हंजी तुमी सोडून समदेच येडे म्हना की.

हे वाक्य मी घरी येऊन इतिहासाच्या कसोटीवर तपासलं. अशा एकट्या पडलेल्या माणसांचेच पुढं पुतळे झालेत.

१३ मार्च, बुधवार

वाचन. थ्रीडी म्हणजे दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवणं. मेंदू ती जोडतो आणि खोली दिसते. म्हणजे शस्त्र हाती आलं. चष्मा लावून आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. दोन्ही वेळा चित्र तेच दिसलं की लबाडी सिद्ध. इतकं सोपं कुणाला सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

आधी घरी करून पाहावं का? गरज नाही. सत्याचा प्रयोग जाहीर असावा.

१५ मार्च, शुक्रवार

मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरला भेटलो. तिशीचा, टाय लावलेला. हस्तांदोलनाला हात पुढं करतो आणि आपण धरायला गेलो की हात तिथं नसतो. असं दोनदा केलं. यावरून माणूस ओळखावा. म्हणाला, काका, रविवारी सकाळच्या शोला गर्दी नसते. तुमची मंडळी आणा आणि काय प्रयोग करायचा तो करा, फक्त पिक्चर थांबवता येणार नाही. भ्याला आहे.

अंबिका म्हणाली, मीही येते. आनंद झाला. तिचं मतपरिवर्तन होतंय.

१७ मार्च, रविवार. दुपारी ३

तपशील लिहून ठेवतो. उद्या अफवा पसरतील.

संघाचे बावीस सभासद, साहेबराव, अंबिका, वैदेही. शिवाय तुरळक जनता. समुद्रात वादळ सुरू झालं तसा मी उभा राहिलो आणि खड्या आवाजात म्हणालो, डावा डोळा झाका. सगळ्यांनी झाकला. मीही झाकला. चित्र स्वच्छ. मग म्हणालो, आता उजवा झाका. मी उजव्यावर तळहात ठेवला आणि नेमक्या त्याच क्षणी लाईट गेली.

मिट्ट काळोख. हा योगायोग नव्हे हे मी ओळखलं. लोडशेडिंग हा माझा जुना विषय, तयारी लागत नाही. म्हणालो, धरणं कोरडी, नळ कोरडे, तारा कोरड्या. आणि सत्य उघडं पडायच्या क्षणी या शहरात अंधार केला जातो. पाच मिनिटं तरी बोललो. मागून कुणीतरी म्हणालं, काका, बसा की खाली, मासा दिसंना. एवढ्या काळोखात याला मासा बघायचा होता. साहेबराव हळूच म्हणाले, सर, लाईट हाय. मी म्हणालो, साहेबराव, तुम्हाला अंधाराची इतकी सवय झालीय की तोच उजेड वाटतो. वाक्य उत्तम होतं. कुणीच टाळी वाजवली नाही.

मग एका लहान हातानं माझा तळहात डोळ्यावरून खाली घेतला. लाईट आली.

देवमासा पोहत होता. लोक पडद्याकडं बघत नव्हते.

(जनरेटर असणार.)

१८ मार्च, सोमवार

जनरेटर नव्हता. सकाळपासून चार वेळा प्रयोग केला. उजवा डोळा झाकला की घरातलीही लाईट जाते. खिडकीपाशी तेवढं दूध सांडल्यासारखं पांढरं दिसतं. वायरिंग तपासून घ्यावं, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

अंबिकेनं चावी मागितली नाही. मीच ओट्यावर नेऊन ठेवली. पहिल्यांदा ओट्याच्या बाहेर पडली.

२० मार्च, बुधवार

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पूर्ण पिकलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतके दिवस कळलं कसं नाही? अंबिका म्हणाली, हे बोलत होते.

ऑपरेशन होळीनंतर. दिसेल म्हणतात.

वैदेहीला शाळेची रिक्षा लावली. संध्याकाळी तिला विचारलं, तुला माहीत होतं का गं? म्हणाली, दिवाळीत तुम्ही डावीकडच्या भुईचक्रावर पाय दिलात, तेव्हाच कळलं. मग आजीला का नाही सांगितलंस? म्हणाली, आजीनं चावी घेतली असती. देवगिरीच्या वेढ्याचं अर्धंच सांगून झालंय तुमचं. म्हणून डावीकडचं मी बघत होते.

ती ऐकत होती.

चार महिने माझा डावा डोळा मागच्या सीटवर बसला होता आणि मी त्याला गप्प बस म्हणत होतो. त्या दिवशी टँकर तिच्याच बाजूनं आला होता.

भाषणाचा शेवट बदलतोय. बंधु-भगिनींनो, थ्रीडी बघा नाहीतर बघू नका. आधी घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहा. तळहातानं एक डोळा झाका आणि आजची तारीख वाचा. मग दुसरा झाका आणि पुन्हा वाचा. नातवंडांना गाडीवर बसवायच्या आधी. आजच.