गाडीचे खरे वय कुलपावरून ओळखल्याबाबत

प्रति,
मा. वाहन विक्री परवाना अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वापरलेले वाहन खोट्या माहितीवर विकल्याबाबतची माझी तक्रार व आपल्या पत्रानुसार मी केलेली पूर्तता.

संदर्भ : आपले दि. १६ जानेवारीचे पत्र.

महोदय,

१. ‘वाहनाची निकड स्पष्ट करावी’ असे आपण पत्रात म्हटले आहे, म्हणून आमची रोजची सकाळ आधी नमूद करते. मी कुलूप-किल्ली दुरुस्तीचे काम करते. सहाला उठून सासऱ्यांची बोटे गरम पाण्याने शेकते. चाळीस वर्षे कानस चालवून ती आता शेकल्याशिवाय मिटत नाहीत. सात वाजता किल्ल्या कापायचे यंत्र आम्ही दोघे दोन बाजूंनी धरून जिन्यावरून उतरवतो. सासरे प्रत्येक पायरी मोठ्याने मोजतात, मी चुकू नये म्हणून. खरे तर त्यांना मध्येच दम खायला निमित्त हवे असते. आठपर्यंत आम्ही बसथांब्यासमोरच्या टपरीत पोचतो. रस्ता रुंद होणार असल्याने ही टपरी या महिन्याच्या ३१ तारखेला हटवली जाणार आहे. त्यानंतर व्हॅन हेच आमचे दुकान. निकड एवढीच.

२. ४ डिसेंबरला ही व्हॅन मी जुन्या गाड्यांच्या एका दालनातून कर्जाने घेतली. तिथे खाली विक्री, मागे कार्यशाळा आणि वरच्या मजल्यावर त्यांचाच कर्जविभाग आहे. विक्रेते म्हणाले, “ताई, निवृत्त डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारी निघायची. अठरा हजार किलोमीटर, बस्स!” मीटरवर आणि विक्रीपत्रावर तोच आकडा आहे. नोंदणी आठवडाभरात माझ्या नावावर झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

३. पहिल्याच आठवड्यात इंजिन तापले की बंद पडू लागले. मागच्या दाराचे कुलूपही अडकायचे, म्हणून मी ते खोलले. आतल्या पितळी पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. दार दिवसातून पन्नास वेळा उघडले आणि हे आठ-दहा वर्षे चालले, तरच एवढी झीज होते. डॉक्टरांनी रविवारच्या रविवारी मागचे दार इतक्या वेळा कशासाठी उघडले असेल, हे मला सुचेना. ही गाडी घरोघरी माल पोचवत होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

४. ते कुलूप मी विक्रेत्यांपुढे ठेवले. ते म्हणाले, “कुलूप बघून गाडीचं वय सांगता? मग हात बघून माझं भविष्यही सांगा की!” कार्यशाळेतले सगळे हसले. सासरे म्हणाले, “हात कशाला, तोंड बघून कळतंय.” यावर कोणी हसले नाही. ‘तपासून देतो’ म्हणून त्यांनी व्हॅन व किल्ल्या ठेवून घेतल्या.

५. त्यानंतर पाच आठवडे व्हॅन त्यांच्याच मागच्या आवारात उभी होती. खाली विचारले की सांगत, आधी तक्रार नाही असे लिहून द्या. वर विचारले की सांगत, हप्ता चुकवू नका. मी एकही चुकवलेला नाही. तरीही १० जानेवारीला कर्जविभागाची नोटीस आली : ‘वाहन आपल्या पत्त्यावर आढळले नाही, ते दडवून ठेवल्याचे दिसते.’ मी नोटीस पाठवणाऱ्या बाईंना त्यांच्याच खिडकीशी नेले आणि खाली उभी असलेली व्हॅन दाखवली. त्यांनी क्रमांक ताडून पाहिला. “हो, आहे खरी. पण आमच्या नोंदीत ती तुमच्याकडे आहे. इथे आहे असं खालून लेखी यायला हवं.” खालचे म्हणाले, वरून लेखी मागणी यायला हवी. मधला जिना बावीस पायऱ्यांचा आहे. त्या दिवशी तो मी सात वेळा चढले.

६. म्हणून आपल्याकडे आले. आपण कळवलेत की, सात दिवसांत वाहन तपासणीसाठी हजर न केल्यास तक्रार निकाली काढली जाईल. वाहन माझ्या ताब्यात नाही, हीच तर तक्रार आहे, असे मी खिडकी क्रमांक तीनवर सांगितले. “मग ताब्यात घ्या आणि आणा,” असे उत्तर मिळाले. कर्मचाऱ्यांनी ते सहज म्हटले असेल. मी मात्र घरी जाऊन त्यावर विचार केला आणि ते मला पटले.

७. मालकी पटल्याशिवाय आम्ही कोणाच्याही कुलपाला हात लावत नाही. नोंदवहीत मालकाची व दोन साक्षीदारांची सही घेतो. आज सकाळी साडेदहाला, दालन उघडे असताना, मी सासऱ्यांसह तिथे गेले आणि नोंदवहीत ग्राहक म्हणून स्वतःचेच नाव लिहिले. सासऱ्यांनी चष्मा लावून माझे ओळखपत्र वाचले, फोटोशी चेहरा ताडला, “बाई ओळखीच्या वाटतात,” म्हणाले आणि सही केली. दुसरी सही दालनाच्या रखवालदाराची. त्यांनी आपले पत्र दोनदा वाचले. “मालक तुम्ही, शिक्का सरकारी. मग मी अडवू कोणाला?” असे म्हणून त्यांनी फाटक उघडले. दार व इंजिन, दोन्हींच्या किल्ल्या मी जागेवरच घासून केल्या. विक्रेते धावत आले तेव्हा इंजिन चालू होते. वाहन कोठे नेत आहे ते मी त्यांना लेखी दिले. कर्जविभागाच्या बाई वरून पाहत होत्या. त्यांच्या नोंदीत यामुळे काहीच बदल करावा लागणार नाही.

८. वाटेत वाहन दोनदा बंद पडले. त्या वेळा सासऱ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. सध्या ते आपल्या आवारात, वडाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभे आहे. त्याची आजच तपासणी व्हावी, मीटरबाबत लेखी अभिप्राय मिळावा आणि ३१ तारखेपूर्वी मला विकताना सांगितले तसे वाहन मिळावे, अथवा कर्जासह ही विक्री रद्द व्हावी. तक्रार मी मागे घेणार नाही.

९. अर्ज लिहीत असतानाच आपले शिपाई खाली आले व आपल्या दालनातील कपाटाची किल्ली हरवल्याचे म्हणाले. त्यांनी आणलेल्या कुलपाची किल्ली मी तयार केली आहे. मात्र नोंदवहीत मालक म्हणून आपली सही लागेल, आणि नोंदवही व्हॅनमध्ये आहे. आपण खाली आलात की सही आणि तपासणी एकाच फेरीत होईल.

आपल्याच आवारात थांबलेली, नम्र,
(सही)
अर्जदार, कुलूप-किल्ली दुरुस्ती कारागीर

दिनांक : २३ जानेवारी

सोबत : नोंदणी प्रमाणपत्र व विक्रीपत्राच्या प्रती, कर्जविभागाची नोटीस, मागच्या दाराचे झिजलेले कुलूप, एक नग (पाहून परत मिळावे).