शनिवारची रांग

आई,

सिडकोतलं आपलं मेडिकल आता राहिलं नाही. तू गेल्यावर बाबांनी तो गाळा बरेच दिवस बंद ठेवला, मग भाड्याने दिला, आणि आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. पण हे सांगायला मी लिहायला बसलेलो नाही. मागच्या महिन्यात ओपनर भेटला. तू शेवटपर्यंत त्याला ओपनरच म्हणायचीस. समोरच्या बिल्डिंगमधला, आमच्या टीमकडून पहिला बॅटिंगला जाणारा, म्हणून सगळ्या कॉलनीने ठेवलेलं नाव. त्याने एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी दहावीत होतो. तुझ्याकडे कॉलेजची पोरं खोकल्याचं औषध मागायला येऊ लागली होती आणि त्यांच्यातलं खोकत कोणीच नव्हतं. तू डॉक्टरची चिठ्ठी मागायचीस, ती हसत निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी बागेच्या भिंतीमागे रिकाम्या बाटल्या दिसायच्या, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानातून आणलेल्या. त्याच सुमारास शाळेत एक पाहुणे व्यसनांवर बोलायला आले. त्यांनी काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवलं आणि आम्ही मागच्या बाकांवरचे हसलो. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतीस. तुला हसूही आलं नाही आणि तू रागावलीही नाहीस. मला कोणी प्यायला दिली तर मी काय म्हणेन, एवढंच विचारलंस. मी म्हणालो, नाही म्हणेन. "कसं म्हणशील? म्हणून दाखव," असं म्हणत तू ताकाचा पेला उचलून माझ्यासमोर धरलास.

पुढचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. तू मेथीची जुडी बाजूला सारतेस, आवाज जाड करतेस आणि माझ्या खांद्यावर हात टाकतेस. "घे रे, एकच घोट. सगळे घेतायत. घाबरतोस काय पोरीसारखा?" मी नको म्हणतो. "का नको?" मी म्हणतो, असंच. "असंच म्हणजे? आम्ही काय वाईट आहोत का?" समोर माझी आई बसलेली आहे आणि पेल्यात ताक आहे, हे माहीत असूनही माझे कान तापतात आणि शेवटी मी पेला हातात घेतो. बाहेरच्या खोलीत फर्स्ट शिफ्ट करून आलेले बाबा पेपरच्या आडून मोठ्याने हसतात. तू हसत नाहीस. "वाईट असतं हे तुम्हाला सगळ्यांना माहीत असतं," तू म्हणालीस. "चार जणांत नाही कसं म्हणायचं ते कोणी शिकवत नाही. तू माझं नाव सांग. म्हणावं, आई रोज तोंडाचा वास घेते. मेडिकलवाली आहे, तिला लगेच कळतं." मग तू पुन्हा मेथी ओढून घेतलीस. तू माझा वास एकदाही घेतला नव्हतास.

त्याचा उपयोग मला लवकरच झाला. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर आम्ही एक मॅच जिंकलो आणि टीममधल्या कोणाच्या तरी मोठ्या भावाने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बिअर आणली. बाटली माझ्यापर्यंत आली तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. सगळे हसले, पण बाटली पुढे गेली. कोणी आग्रह केला नाही, कारण घरी मार बसेल ही भीती सगळ्यांना कळते. मात्र त्या दिवसापासून कॉलनीत तुझं नाव वासवाली काकू पडलं. तुला वाईट वाटेल म्हणून मी ते बरेच दिवस लपवलं, शेवटी सांगितलं, तर तू म्हणालीस, बरं झालं, आता सगळ्यांना माहीत झालं.

आणि मग एका दुपारी ओपनर दुकानात आला. पाय मुरगळल्याचं सांगून त्याने क्रेप बँडेज घेतलं आणि तरी तिथेच उभा राहिला. मी काउंटरमागे गणितं सोडवत होतो. गिऱ्हाइकं गेल्यावर तो म्हणाला, "काकू, आमच्या घरी कोणी वास घेत नाही." तुला त्याच्या घरचं ठाऊक होतं. त्याचे वडील मूळ सायखेड्याचे, कंपनीत नोकरीला, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी मित्रांना घेऊन घरीच बसायचे. सोडा आणि शेव आणायला ओपनरलाच पाठवायचे. मैदानावर आलेली बाटली त्याने त्या दिवशी घेतली होती आणि नंतरही घेत होता. तू विचारलंस, "मग मी घेऊ का?" तो म्हणाला, "घ्या. पण सगळ्यांसमोर घ्या."

त्या शनिवारी आम्ही खेळून परत येत होतो तेव्हा तू दुकानाच्या पायरीवर उभी होतीस. आधी मला हाक मारलीस, तोंड उघडून हा करायला लावलंस, मग ओपनरला. पोरं पोट धरून हसली. पुढच्या शनिवारी दोघं-तिघं नुसती चेष्टा म्हणून आमच्यामागे उभी राहिली, आणि बघता बघता ती रांगच झाली. वास घेऊन झाला की तू बरणीतली पुदिन्याची गोळी द्यायचीस, आणि ती आधी मागणाऱ्याला रांगेच्या शेवटी पाठवायचीस. मला लाज वाटायची. पण मी पाहत होतो, त्या रांगेत येणारी काही पोरं शनिवारी मैदानावर प्यायला थांबायचं टाळायला लागली होती, आणि विचारलं तर सगळी एकच कारण सांगायची, वासवाली काकू.

ओपनरच्या वडिलांना ते कळायला वेळ लागला नाही. ते दुकानात आले तेव्हा समोर गिऱ्हाइकं होती. "बाई, माझ्या पोराच्या तोंडाचा वास घेता म्हणं तुम्ही. आमच्या घरातलं बघायला आम्ही हाये ना?" तू हातातली गोळ्यांची पाकिटं खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "त्यानेच सांगितलंय मला." ते म्हणाले, "आन् घरी नाय सांगता आलं त्याला?" "नाही सांगता आलं," तू म्हणालीस. एवढंच. ते गिऱ्हाइकांमधून वाट काढत निघून गेले. ओपनर त्यानंतरही येत राहिला. बारावीच्या वर्षीसुद्धा, आमच्यातले बरेच जण क्लासमुळे यायचे बंद झाले तेव्हाही, तो शनिवारी पायरीपाशी यायचा. त्याच्या तोंडाला कधीही वास आला नाही. तू बाबांना कौतुकाने सांगायचीस, या पोराने खरंच सोडली.

मग तो मैदानावर पडला. बॉल लागला नव्हता. क्रीजवर उभा होता आणि गुडघ्यात मोडून खाली बसला, मग आडवा झाला. आम्ही त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. झोपेच्या गोळ्या होत्या, एकदम बऱ्याच, आणि कित्येक महिन्यांपासून चालू होत्या. शहरातल्या कुठल्याशा दुकानातून, चिठ्ठीशिवाय. ती गोष्ट तुला सगळ्यात लागली, तुझ्याच धंद्यातल्या कोणीतरी त्या विकल्या होत्या. वॉर्डबाहेरच्या बाकावर त्याचे वडील बसले होते. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्ही तर वास घेत होत्या ना?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "घेत होते. डोळ्यांकडे बघायला पाहिजे होतं. मला ते कळायला पाहिजे होतं." आणि त्यांच्या शेजारी बसलीस. ते उठून गेले नाहीत.

रांग तू बंद केलीस. त्याऐवजी आठवड्यातून एकदा दुपारी दुकानाचं शटर ओढून घ्यायचीस आणि ओपनर, त्याचे वडील आणि तू, असे तिघं बसने व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे जायचात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की घरातली बाटली आधी गेली पाहिजे. ती गेली. वडिलांची पूर्ण सुटली नाही, ते बाहेर घेत राहिले, पण घरात आणली नाही आणि पोराला सोडा आणायला पाठवलं नाही. ओपनर दोनदा पुन्हा घसरला. दोन्ही वेळा तू गेलीस. का घेतल्यास असं तू त्याला विचारत नव्हतीस, हे त्यानेच मला सांगितलं. तू विचारायचीस, कधीपासून, आणि आज जेवलास का. दोन हजार सालाच्या आसपास तो मामाच्या शेतावर शेवंती लावायला गेला आणि तिथेच रमला. तू आजारी पडलीस तेव्हा तो फुलं घेऊन आला होता आणि तू त्याला म्हणाली होतीस, अरे, ही बाजारात नेली असतीस तर.

आता मखमलाबादकडे त्याची नर्सरी आहे. मी मोगऱ्याची रोपं घ्यायला गेलो होतो. चहा झाला, तुझा विषय निघाला, आणि रोपांना पाणी मारता मारता तो सहज म्हणाला, "गोळ्यांवर मी कसा गेलो माहितीये का? गोळ्यांना वास येत नाही. दारू घेतली असती तर शनिवारी काकूंसमोर उभं राहता आलं नसतं, आणि मला ती रांग सोडायची नव्हती." मी विचारलं, हे आईला कधी सांगितलंस का. तो म्हणाला, बसमध्ये काकू शेजारी बसायच्या तेव्हा एक-दोनदा तोंडावर आलं होतं, पण बोललो नाही, त्या यायच्या थांबल्या असत्या. मला नाही वाटत तू थांबली असतीस. पण तू ते जन्मभर मनात धरून बसली असतीस, हे मला माहीत आहे. मी पाईप त्याच्या हातून घेतला आणि थोडा वेळ मीच पाणी मारलं.

माझी मुलगी यंदा दहावीत आहे. गंगापूर धरणाकडे एका मैत्रिणीच्या फार्महाऊसवर सगळ्यांचं जायचं ठरत होतं. तिथे कोणी प्यायला दिली तर माझं नाव सांग, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, नाही म्हणायला मला तुमचं नाव लागणार नाही." मी म्हणालो, लागलंच तर. म्हणाली, लागलं तर वापरेन. मग तुझ्याकडून न शिकलेलं एक वाक्य मी पुढे जोडलं. "कधी घेतलीसच, तर ते माझ्यापासून लपवायला आणखी दुसरं काही घेऊ नकोस. आहेस तशी घरी ये." हे कुठून आलं, असं तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. मी दार उघडलं, तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि ते तिच्या लक्षात आलं.

तू गेल्यापासून काहीही झालं की, आईला सांगता येत नाही, हेच पहिलं मनात येतं आणि वाईट वाटतं. मुलगी झाली तेव्हा वाटलं, दुकान भाड्याने दिलं तेव्हा वाटलं. हे पत्र लिहून झाल्यावर मात्र खरं सांगायचं तर पहिल्यांदाच बरं वाटलं, की ते तुझ्यापर्यंत पोचणार नाही.