तुळिंजच्या बाजारातली तुझी जागा

आये, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज तुझ्याशी भांडावंसं वाटतंय.

कामणच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी मासळीच्या खोक्यांची नोंद ठेवते. मुदत संपलेल्या कोलंबीवर नव्या तारखेची लेबलं चिकटवली जाताना मी पाहिलं. फोटो काढला, छापून कंपनीच्या तक्रारपेटीत टाकला. पेटीवर लिहिलंय, 'तुमचं नाव गुप्त राहील.' नाव घातलंच नव्हतं मी. पण फोटोत खोकं धरलेला माझा अंगठा आला, लहानपणी तुझ्या कोयत्यानं कापलेला. साहेबांनी नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची गायब. तेव्हापासून दिवसभर गेटपाशी उभी असते. काम नाही, कुणी बोलत नाही. आता एक छापील कागद दिलाय, 'गैरसमजातून तक्रार केली.' उद्यापर्यंत सही, नाहीतर राजीनामा.

वकीलबाईंना विचारलं, खरं बोलणाऱ्याला वाचवणारा कायदा आहे ना? म्हणाल्या, "आहे, पण सरकारी लोकांविरुद्धच्या तक्रारींसाठी. तोही अजून लागू नाही. तुम्हाला काढलं तर लेबर कोर्टात भांडू, पण वेळ लागेल." बोलाचीच कढी, बोलाचाच भात! संताप होतो नुसता.

आणि सारखा तो दिवस आठवतो. तुळिंजच्या बाजारात तुझ्या शेजारी मासळी विकणारी बाई एकीला कोलंबी तोलून देतेय आणि तू मध्येच बोलतेस, "नको नेऊस बाय, कालची हाय ती. तू पोटुशी, उगा तरास होल." दुसऱ्या सकाळी तुझ्या जागेवर दुसरीची टोपली. बाजारात जागेचा कागद कुठे असतो? शेजारणी सरकल्या तर जागा, नाही तर नाही. महिनाभर तू गटाराच्या कडेला उन्हात बसलीस. मी चौदा वर्षांची. लाज वाटायची मला, शाळेतून येताना तो रस्ता टाळायचे. एकदा घरी चिडून म्हणाले, "तुला काय गरज होती बोलायची?"

तू हात धुताधुता म्हणालीस, "मना नव्हती. तिला व्हती."

आज जेवताना नवऱ्यानं मला तेच विचारलं, अगदी त्याच शब्दांत. त्याच्यावर रागावताही येईना.

हे सगळं त्या छापील कागदाच्या पाठीवर लिहिलंय, त्यामुळे आता तो साहेबांना देता येणार नाही. तुलाही पाठवता येणार नाही. पण खरं सांगते आये, पेन मी सहीसाठीच काढलं होतं.