घाबरं होणं म्हंजी घाबरणं न्हवं

७ जानेवारी

परत झालं! बाजाराची गाडी गच्च भरलेली. मी मधोमध, तिकिटाचं मशीन हातात, "पुढं सरका, पुढं सरका" चाललेलं — आन् काही कारण नसताना छातीत धाडधाड सुरू. पार गळ्यापर्यंत. हात गार, डोळ्यापुढं अंधारी. एका बाईनं कोंबड्यांची पाटी माझ्या पायावर ठेवली ते पण मला कळलं न्हाई. न्हावरा यायच्या आधी बटण बंद केल्यासारखं थांबलं. एकदम! जसं काही झालंच न्हवतं.

संपत ड्रायव्हर म्हणतो, "राजश्रीताई, चहा कमी करा." मी चहा पितच न्हाई! इतकी वर्षं एका गाडीवर ड्यूटी करतोय आन् ह्या माणसाला एवढं ठाऊक न्हाई.

९ जानेवारी

शिरूरमधल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडं गेले. म्हणाले, काय होतंय? म्हणलं, मधनंच घाबरं होतंय. म्हणाले, घरी काही टेन्शन? म्हणलं, सासू हाय.

तर त्यांनी ते लिहून घेतलं! अवं, चेष्टा केली मी! हसायचं सोडून लिहून घेतलं. वर "शांत राहायला शिका" म्हणून गोळ्या दिल्या, रात्री एक, सकाळी एक.

घरी आल्यावर आत्यांनी, म्हंजी सासूबाईंनी, विचारलंच. "काय म्हणला डाक्टर?" म्हणलं, टेन्शन हाय. "कशाचं?" मी भाकरी थापायला बसले. आमच्या आत्यांना कमी समजायचं न्हाई, त्या दारात उभ्याच राहिल्या. "माझं नाव सांगितलंस ना गं?"

१३ जानेवारी

सकाळची गोळी घेऊन ड्यूटीवर गेले. डोकं कापसानं भरल्यागत. तळेगावला एक मिशीवाला पैलवान चढला, मी त्याला अर्धं तिकीट दिलं — बायकांचं, महिला सन्मान! तो काही बोलला न्हाई. कशाला बोलंल? संपतनं आरशात बघितलं आन् एवढा हसला की गाडी साइडपट्टीवर गेली.

संध्याकाळी हिशोबाला पैसे कमी भरले, ते माझ्या खिशातनं गेले. गोळ्या बंद. धडधड परवडली.

१४ जानेवारी

पैलवान परत आलाय. माझीच गाडी शोधत होता म्हणे.

२१ जानेवारी

डेपोत साहेबांनी बोलावलं. वाईट माणूस न्हाई. म्हणाले, "मॅडम, गाडीत तोल जातो असं कानावर आलंय. टेन्शनचा त्रास आहे ना? थोडे दिवस ऑफिसात बसा. पासेसच्या खिडकीवर."

खिडकी! मी! दिवसभर एका जाळीतनं फोटो चिकटवत बसू? माझी गाडी हाय ती. कुठल्या गावात कोण चढतं, कोण सुट्टे लपवतं, कुठली सून माहेरी निघालीय आन् कुठली रुसून निघालीय, सगळं मला तोंडपाठ. मला गाडी सोडायची न्हाई. आन् मी येडी पण न्हाई. दोन्ही मला सिद्ध करायचंय, बास.

साहेबांना म्हणलं, डॉक्टरचं पक्कं काय ते आणते, मग बोलू. म्हणाले, आणा, पण बेशुद्ध पडलात एकदा तर मग माझ्या हातात न्हाई.

२६ जानेवारी

आज ह्यांनी मनावर घेतलं. हे कंपनीत सुपरवायझर. मशीन बंद पडलं की पाच वेळा "का?" विचारायचं, असं तिथं शिकवतात. मला समोर बसवलं.

"धडधड का होते?" म्हणलं, ठाऊक न्हाई. "ठाऊक का न्हाई?" डॉक्टर सांगत न्हाईत. "का सांगत न्हाईत?" त्यांना सापडत न्हाई. "का सापडत न्हाई?" मी म्हणलं, आता पाचवा विचारा, मग बघा मला काय होतंय ते.

पाचवा विचारला न्हाई. शिकलेला माणूस हाय.

४ फेब्रुवारी

तळेगाव ढमढेरेला छातीची पट्टी काढली. ईसीजी. एकदम चांगली! डॉक्टर म्हणाले, "घोड्यासारखं हृदय आहे." म्हणलं, घोड्यासारखं पळतं म्हणूनच आलेय ना! हसले. आन् परत तेच — मनाचं आहे, मन रमवा, गाणी ऐका.

हे दुखणं दवाखान्याच्या पायरीपर्यंत येतं आन् गायब. घरात उच्छाद मांडणारं पोर पाव्हण्यापुढं गप बसतं ना, तसं.

५ फेब्रुवारी

पट्टीचा कागद दवाखान्यातनं घेऊन घरी आले, चप्पल काढली, आन् सुरू! मुद्दाम करतंय.

१९ फेब्रुवारी

आज मोठ्या डॉक्टरकडं. काचेचं दार, एसी, भिंतीवर डिग्र्या. तरणा, गोरागोमटा, पुण्यात इंग्लिश मिडियममध्ये शिकलेला. मी बोलतेय, तो कॉम्प्युटरवर टाइप करतोय आन् टाइप करता करता तोंडानं म्हणतोय. मी म्हणलं, "घाबरं होतंय." तो म्हणतो, "पेशंट... घाबरतात."

मी म्हणलं, थांबा. घाबरत न्हाई. घाबरं होतंय.

"तेच ते."

तेच ते? तेच ते न्हवं! घाबरणं म्हंजी भीती वाटणं. घाबरं होणं म्हंजी जीव कासावीस होतो, छाती उडती, दम कोंडतो. म्हशीला उन्हात घाबरं होतं, ती काय परीक्षेला बसलीय का? आमची आजी उपाशीपोटी उन्हात चालली की तिला घाबरं व्हायचं, आन् ती लांडग्याला काठी घेऊन धावायची! त्याला सगळं समजावून सांगितलं. तो मान हलवत ऐकत होता. मग बाहेर गेल्यावर कागद बघितला — अँग्झायटी. आन् खाली अजून एक ओळ. ह्यांनी वाचून दाखवली: "आजार मान्य करायला तयार नाहीत."

एसटीच्या आवारात बसून रडले. रागानं. भीतीनं न्हवं!! हे नीट लिहून ठेवते.

मला कसली भीती? दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवलंय मी. पुराचं पाणी रस्त्यावर असताना पुढं चालत जाऊन गाडीला वाट दाखवलीय. आत्यांबरोबर एका घरात राहतेय!

२० फेब्रुवारी

पण मग विचार येतो. एवढी शिकलेली तीन माणसं एकच म्हणतात. मीच चुकत असले तर? न्हाई. न्हाई. ह्याच्यावर जास्त लिहायचं न्हाई.

९ मार्च

शेजारच्या धुरपदाकाकू सकाळीच आल्या. "बाहेरचं असंल गं. माझ्या ओळखीचा एक जण हाय, अंगारा देतो." आत्या आतनं कडाडल्या, "आमच्यात असलं चालत न्हाई, धुरपदा! बाबासायबांनी कवाच बंद केलंय. तिला ध्यानाला नेते मी."

नेलं विहारात. डोळे मिटून बसलो सगळे. ध्यान घेणाऱ्या ताई सांगत होत्या — श्वास येतोय, श्वास जातोय, नुसतं बघा. मी बघितलं. आला, गेला, आला — आन् धाड्कन सुरू! श्वास कसला बघते, छातीत बँड वाजायला लागला. सगळे एवढे शांत बसलेले की मला वाटलं माझीच धडधड सगळ्यांना ऐकू जातेय.

उठून कशीबशी घरी आले. आत्यांनी काय केलं? माठातलं पाणी तांब्यात घेतलं आन् फाड्कन माझ्या तोंडावर! थांबलं. जागच्या जागी थांबलं! आत्या म्हणाल्या, "बघ. डाक्टरला एवढं सुदीक जमलं न्हाई." भिजलेली साडी बदलताना मला पण हसू यायला लागलं. आत्या पण हसल्या. किती दिवसांनी.

१४ एप्रिल

जयंती. चौकात डीजे. आजची धडधड माझी का स्पीकरची, शेवटपर्यंत कळलं न्हाई. नाचले मात्र.

२२ एप्रिल

आजचं सगळं लिहायलाच पायजे. 

शिरूर–दौंड गाडी. मांडवगण फराटा सोडलं आन् सुरू झालं. नेहमीपेक्षा जोरात. मी मागच्या सीटचा दांडा धरला. एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं बाई?" म्हणलं, घाबरं होतंय. तिला एका शब्दात कळलं! लगेच बाटली पुढं केली. "तोंडावर पाणी मार, मोकळं वाटंल."

हात पुढं केला आन् एकदम डोक्यात आलं — पाणी मारलं तर थांबंल! थांबलं तर परत पट्टी चांगली, परत टेन्शन, परत खिडकी. मी ओरडले, "पाणी नको! हे चालू ठेवायचंय मला!"

अख्खी गाडी गप. मग मी सांगितलं सगळं. चालू गाडीत, धापा टाकत, भाषण केल्यागत. चालू असताना दवाखान्यात पोचले तरच सापडंल, न्हाई तर कुणी विश्वास ठेवत न्हाई.

मग काय! आपली माणसं! हरिबा म्हणून एक फेटेवाले आप्पा होते, ते उठलेच. "ड्रायव्हर, हाण!" दौंडला उतरायचं न्हवतं ते पण म्हणाले, आधी बाईचं बघा. एक जण बाटली उघडायला लागला तर चौघं ओरडले, "झाकण लाव! पाणी दाखवू नको तिला!" खिडक्या लावल्या, गार वारं नको म्हणून! एप्रिलच्या उन्हात! आन् दर थोड्या वेळानं मागनं आवाज — "कंडक्टर, चालू हाय का?"

"हाय!"

"शाब्बास!"

भीमेच्या पुलावर मला वाटलं आता पडते. म्हातारीनं मांडीवर डोकं घेतलं. "दम धर, दम धर. थांबवू नको गं माझ्या वासरा." आजारी बाईला असं कुणी म्हणलं असंल का कवा?

रस्त्यालाच दवाखाना होता, संपतनं गाडी दारात लावली. मी पुढं, मागं चाळीस माणसं. तिथली डॉक्टर घाबरली — ती खरी घाबरली! तिला वाटलं कुणाला मारलं का काय. हरिबाआप्पा म्हणाले, "मॅडम, आधी पट्टी काढा, मग नाव विचारा!" तिनं खरंच काढली. कागद सरसर बाहेर आला आन् ती त्याच्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "किती दिवस होतंय हे? एकशे नव्वदनं पळतंय हृदय."

म्हणलं, टेन्शन हाय ना?

"टेन्शन? अहो, हृदयातल्या वायरिंगचा बिघाड आहे हा!"

मला एवढं बरं वाटलं आयुष्यात कवा वाटलं न्हाई. बिघाड! खराखुरा बिघाड! मग तिनं रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायला लावलं, फाड्कन आडवं पाडलं आन् माझे पाय वर उचलले. युनिफॉर्मवर, चाळीस माणसांपुढं! आन् थांबलं. कागदावर थांबताना सुदीक दिसलं. म्हणाली, तोंडावर गार पाणी मारल्यावर थांबतं ते पण ह्याच्यामुळंच. दारातनं टाळ्या.

संपतला उशिराचा खुलासा द्यावा लागणार. म्हणाला, "लिहीन की, कंडक्टरचं चालू होतं म्हणून."

२३ एप्रिल

पेढे वाटले. धुरपदाकाकूंनी विचारलं, कशाचे गं? म्हणलं, हृदयात बिघाड निघाला! त्यांनी पेढा अर्धा खाऊन हातातच धरला.

आत्या पट्टीचा कागद घेऊन गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरल्या. "बघा. सासूचं काय न्हाई ह्यात."

साहेबांना पण दाखवला.  म्हणाले, "मॅडम, नीट होऊन या. गाडी तुमचीच आहे."

६ मे

पुण्याला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. जन्मापासूनच हृदयात एक जादाची वाट हाय म्हणे. करंट तिकडनं घुसतो आन् गोल गोल फिरत राहतो. स्टँडच्या बाहेर न पडता आतच चकरा मारणारी गाडी! मांडीच्या शिरेतनं तार घालायची, हृदयापर्यंत न्यायची आन् ती वाट जाळून टाकायची. बहुतेक वेळा कायमचं बरं होतं. "बहुतेक" म्हणाले. मी विचारलं, न्हाई झालं तर? म्हणाले, क्वचित काही होतं, ते सगळं आधी सांगावंच लागतं, सही करा.

केली. तारीख मिळाली. परतीच्या गाडीत ह्यांनी सहीचा कागद दोनदा वाचला. एकदा पण "का" विचारलं न्हाई.

१९ मे

बॅग भरली. आत्यांनी कपाळावरनं हात फिरवला. सासू गप बसली की घर कसलं सुनं वाटतं!

२० मे, पुणे

सकाळी गाऊन दिला. मी उलटा घातला, सिस्टरनं सुलटा करून दिला. कोवळी पोरगी, लातूरकडची. बीपी घेतलं, नाडी बघितली, खूश झाली. "एकदम नॉर्मल! ताई, इथं सगळे थरथर कापत येतात. तुमच्यासारखा शांत पेशंट बघितला नाही. फायलीत लिहूनच टाकते." लिहिलं पण, माझ्यासमोर.

 ह्यांचा चेहरा डोळ्यापुढनं हलत न्हाई. परत गाडीत उभी राहीन का न्हाई, हेच एक डोक्यात.

मी तिचा हात धरला. म्हणलं, "अगं पोरी, मला भीती वाटतीये."

"तुम्हाला? काहीतरीच काय, ताई!" म्हणाली, आन् हसत हसत बाहेर गेली.