जावईबापूंचा माइक आणि माझे कान

आदरणीय व्याहीसाहेब आणि विहीणबाई यांना सविनय नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. विहीणबाईंचा खोकलाही बसला असेल. इकडे आम्हा दोघांच्या तब्येती ठणठणीत आहेत. फिरलंय ते माझं डोकं, आणि ते तुमच्या चिरंजीवांनी फिरवलंय. (फोनच करणार होतो, पण फोनवर मी ओरडतो. जावयाचा मान ठेवायचा म्हणून पत्र. जमेल तितका वेळ ठेवतो.)

शिंपीकाम संपवून दुपारी तासभर दुकानामागच्या खोलीत गाणं ऐकायचं, एवढंच माझं व्यसन. माझे दोन स्पीकर आणि एक ॲम्प्लिफायर तिथे एकवीस वर्षं सुखाने नांदतायत. दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी जावईबापू आमच्या लेकीला घेऊन जेवायला आले, ते तीन पायांच्या स्टँडवरचा माइक काखोटीला मारून. स्पीकर तपासायच्या प्रयोगशाळेतली त्यांची नोकरी चांगलीच आहे. (लग्नात मीच चारचौघांत मिरवत होतो, ती नोकरी माझ्या घरात घुसेल हे कुणी बोललं नव्हतं.) त्यांनी माझ्या खुर्चीत माइक बसवला आणि मला उभं केलं. मग स्पीकरमधून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज काढला, संगणकावर एक वेडीवाकडी रेघ उमटली, आणि म्हणाले, "बाबा, तुमच्या खुर्चीपर्यंत खर्ज पोचतच नाही. इथे खड्डा आहे." म्हणजे एकवीस वर्षं मी खड्ड्यात बसून गाणं ऐकतोय! मी सुनावलं, की गाणं कानाने ऐकतात, रेघेने नाही, आणि माझ्या ॲम्प्लिफायरची ऊब तुमच्या यंत्राच्या बापालाही कळायची नाही. (बाप म्हणजे यंत्राचा. तुम्ही मनावर घेऊ नका.)

तिथेच फसलो. "मग न बघता ओळखून दाखवा," म्हणाले. गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायच्या कोपऱ्यातला पडदा काढून मध्ये बांधला. त्यामागे माझा ॲम्प्लिफायर आणि त्यांनी आणलेला त्यांचा, एक चपटा डबा; कुठला वाजतोय ते मी सांगायचं. शेजारचा घड्याळजी तमाशा बघायला आलाच. (त्याला बोलवावं लागत नाही.) एकच गाणं दहा वेळा वाजलं, आणि व्याहीसाहेब, दहाही वेळा मी तोंड उघडलं! दुसऱ्या वेळी आवाज कोरडा, पाचव्या वेळी ऊब आली, सातव्या वेळी गाणारी बाई दोन पावलं मागे सरकली. आठव्या वेळी तर माझे डोळे भरून आले. मग पडदा बाजूला झाला. माझ्या ॲम्प्लिफायरचा प्लग सुरुवातीपासूनच काढलेला होता. दहाही वेळा तो चपटा डबाच वाजत होता!

घड्याळजी हसला, त्याचं सोडा. आमची ही तोंड फिरवून हसली, तेही गिळलं. पण पोटची पोर पोट धरून हसली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताशी कापडाची कात्री होती. मी माइकची वायर कापून टाकली. जावईबापूंनी वायरीचे दोन्ही तुकडे नीट गुंडाळून पिशवीत ठेवले आणि दोघं न जेवता निघून गेले. तेव्हापासून लेकीचा फोन नाही. आता तुम्हीच सांगा, याला परीक्षा म्हणायचं की फसवणूक? मुलाला लहानपणी वेळेवर दोन रट्टे द्यायचे राहिले, एवढंच नम्रपणे सुचवतो.

राग फार आहे, लोभ तेवढाच आहे.

तुमचा व्याही

ता. क. मला ऐकू येत नाही असं घड्याळजी गल्लीभर सांगत सुटलाय. तुमच्यापर्यंत आलं तर विश्वास ठेवू नका.

ता. क. २. परवा झाडताना हिने माझी खुर्ची हातभर पुढे सरकवली. बसलो, तर खर्ज थेट छातीत वाजला. योगायोग असणार. खुर्ची अजून तिथेच आहे. चिरंजीवांना कळता कामा नये.

ता. क. ३. एक गोष्ट वर लिहायची राहिली. त्या दिवशी भांडणाआधी मी लेकीची जुनी कॅसेट लावली होती, चौथ्या वर्षी तिने म्हटलेल्या कवितेची. नुसती खरखर, मध्येच आवाज घसरतो. जावईबापूंनी ती तीनदा ऐकली, डोळे मिटून. "हिची रेघ नाही काढली?" मी विचारलं. म्हणाले, "हिची नको, बाबा."

ता. क. ४. त्यांच्यासाठी कोट बेततोय. छाती, खांदा आणि बाहीचं माप उलट टपाली पाठवा. नजरेचा अंदाज अजिबात नको; फीत लावून घ्या, दोनदा. कशासाठी ते सांगू नका.